देवाला अरे-तुरे करणाऱ्यांच्या गावी

अरण, पंढरपूर, गोपाळपूर आणि मंगळवेढा ही गावं एका फेरीत सहज होतात. सगळी सोलापूर जिल्ह्यातली, एकापासून पुढचं तासाभराच्या आत. जानेवारीच्या उत्तरार्धात मी आणि आत्या ती फेरी करून आलो. पंढरपूरला लाखो लोक जातात, अरणला त्यातले थोडे थांबतात आणि मंगळवेढ्याला त्याहून थोडे. मला या वेळी दर्शनापेक्षा माणसं हवी होती: सावता माळी, जनाबाई, चोखामेळा, सोयराबाई. कुणी मळ्यात, कुणी जात्यापाशी, कुणी देवळाच्या दाराबाहेर उभं राहून देवाशी आपलं नातं जोडलं, आणि मधे कुणाला घेतलं नाही.

हे एवढं का हवं होतं ते सांगते. बाबांचं आजारपण लांबत गेलं तेव्हा घरी येणाऱ्या प्रत्येकाकडे एक कारण तयार होतं. कुलाचार राहिला असेल, पितृदोष असेल, नारायण नागबळी करून घ्या. माणसं प्रेमानंच बोलत होती, पण त्यांच्या बोलण्यातला देव मला लहानपणापासून ओळखीचा होता. हिशेब ठेवणारा, चुकलं की वसूल करणारा. बाबा गेल्यावर त्या देवासमोर निरांजन लावायला माझा हात उचलेना. तरी भाजी निवडताना, गाडी चालवताना मी कुणाशी तरी मनातल्या मनात बोलतच होते. तो कोण, हे मला नीट बघायचं होतं.

आत्याचं कारण साधं होतं. "फार दिवस झाले गं विठोबाला भेटून." आत्या सत्तरी ओलांडलेली. सोमवार, एकादशी, चतुर्थी, सगळे नेम चोख. तिचा पितळी बाळकृष्ण एका डबीत, मऊ कापडात गुंडाळून आमच्याबरोबर निघाला.

शुक्रवार : अरण

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं निघालो. टेंभुर्णीच्या आसपास जेवायला थांबलात तर बाजार आमटी मागा. मिश्र डाळी, काळा मसाला, पातळ आणि जहाल. भाकरी कुस्करून तिच्यात बुडवायची आणि वर कच्चा कांदा. आत्याचा त्या दिवशी उपवास नव्हता, त्यामुळे तिनं दोनदा वाटी पुढे केली.

पुढे मोडनिंबला रस्त्याकडेला बोरांचे ढीग लागले होते. तिथून अरण जवळच आहे. सावता माळ्याचं हे गाव, आणि १२९५ मध्ये त्यानं इथंच देह ठेवला. समाधीचं देऊळ शांत होतं, आम्ही गेलो तेव्हा आत दोन म्हाताऱ्या आणि एक शाळकरी मुलगा, एवढेच. देवळाबाहेर पडलं की लगेच शेतं. मला ते फार बरं वाटलं, कारण सावत्याचा देव त्या शेतातच होता. "कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी" असं म्हणणारा हा माणूस. परंपरा सांगते की तो पंढरपूरला गेलाच नाही. हातातलं काम सोडून कशाला जायचं, देव कामात आहे, असं त्याचं सरळ म्हणणं. काशिबा गुरवानं त्याचे अभंग लिहून ठेवले, आणि आज जेमतेम ३७ मिळतात.

अरणची एक गोष्ट बाहेर फारशी कुणाला माहीत नसते. आषाढीला सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, सावतोबाची जात नाही. आषाढ वद्य चतुर्दशीच्या त्याच्या पुण्यतिथीच्या सुमारास पांडुरंगाचीच पालखी पंढरपूरहून अरणला येते. देव भक्ताच्या गावी जातो.

देवळामागच्या एका शेतात एक काका दारं धरत होते. पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचं, खोऱ्यानं माती ओढून बांध घालायचा, पुन्हा फोडायचा. मी बांधावर उभी राहून बघत होते. मी विचारलं, "तुम्ही वारीला जाता का हो काका?"

"पेरणी उरकली तर जातो."

"आणि नाही उरकली तर?"

"मग म्हनायचं, बाबा, औंदा तूच ये. सावतोबाकडं आलता न्हवं?" एवढं बोलून ते पुढच्या सरीकडे वळले, कारण पाणी थांबत नाही.

मी लहानपणी ऐकलेल्या धर्मात पेरणीसाठी वारी चुकवणं म्हणजे देवाचं राहून जाणं. इथं त्यात काही राहून गेल्याचा भावच नव्हता. काकांच्या बोलण्यात ना भीती होती ना सबब. दोघांची कामं दोघांना माहीत असल्यासारखं ते बोलत होते.

अरणला जाणाऱ्यांसाठी: दुपारी तीननंतर पोचलात तर ऊन उतरलेलं असतं आणि शेतातली माणसं बोलायला मोकळी असतात. देवळापुरतं बघायचं तर अर्धा तास पुरतो, पण एवढ्यावर परतू नका. गावातून चालत मळ्यांपर्यंत जाऊन या.

शनिवार : पंढरपूर

मंदिर समितीच्या भक्तनिवासात खोली आधीच घेतली होती. पहाटे चांगलीच थंडी होती, शालीशिवाय रांगेत उभं राहवत नव्हतं. एकादशी आणि सुट्ट्या टाळल्या तर पदस्पर्शाची रांग सोसण्यासारखी असते. वेळ कमी असेल तर मुखदर्शन आहेच, पण इथवर येऊन पायांवर डोकं ठेवायचं सोडू नये असं मी म्हणेन. मोबाइल आत नेता येत नाही, तो बाहेर ठेवावा लागतो. ते चांगलंच आहे. रांगेत माणसं एकमेकांशी बोलतात.

आमच्या पुढे मराठवाड्यातल्या चार-पाच बायका होत्या, डोक्यावर पदर, कपाळाला बुक्का. त्यातल्या एका मावशींना मी विचारलं, काय मागणार? त्या म्हणाल्या, "मागायचं काय त्याला? सांगायचंय. बोअरला पाणी लागंना, ते सांगायचंय. पोरगं बोलंना झालंय बापाशी, ते सांगायचंय." मग थोडं थांबून, "ऐकतंय ते. करील न करील, ऐकतंय."

करील न करील, ऐकतंय. हे वाक्य मी रांगेत मनाशी घोकत राहिले.

पायांवर डोकं ठेवायला क्षणभर मिळतो. त्या क्षणात माझ्या डोळ्यांत भरले ते कमरेवरचे हात. मारायला उगारलेला नाही, आशीर्वादासाठी उंचावलेलाही नाही. विटेवर उभं राहून वाट बघणारा देव. पुंडलिकानं आईबापांची सेवा चालू आहे म्हणून थांबायला सांगितलं आणि हा थांबला, अशी कथा. माणसाचं काम संपेपर्यंत देवानं ताटकळत राहायचं, ही कल्पना ज्या समाजाला सुचली आणि ज्यानं ती सातआठशे वर्षं उराशी धरली, त्याच समाजानं मला हिशेबी देव का शिकवला असेल? त्या दिवशी मला वाटलं की शिकवणारे वेगळे आणि वाट बघणाऱ्याला भेटून आलेले वेगळे.

सोळखांबी मंडपातल्या गरुडखांबाला आत्यानं मिठी मारली. मी पण मारली. मंदिराच्या आवारात कान्होपात्रेच्या नावानं ओळखलं जाणारं तरटीचं झाड आहे. मंगळवेढ्याच्या नायकिणीची ही मुलगी. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा ती विठ्ठलाकडे आली आणि त्याच्या पायाशीच तिनं प्राण सोडला, असं सांगतात. तिला गुरू नव्हता, परंपरा नव्हती, कुणाची शिफारस नव्हती.

महाद्वाराशी आलो. नामदेवाची पायरी इथं आहे, लोक तिच्यावर पाय न देता ओलांडून जातात. तिच्या समोर चोखामेळ्याची समाधी. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना ते ढासळलं आणि चोखोबा मजुरांबरोबर दबून गेला. नामदेव तिथं गेले. ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती त्यांनी वेचून आणली आणि इथं समाधी दिली, अशी कथा आहे. जातीमुळे आयुष्यभर त्याला दाराच्या आत घेतलं नाही. समाधीही दाराबाहेरच.

इथं माझ्या मनातला विचार जरा अडला. मी "माझा देव", "माझं नातं" असं घोळवत आले होते. चोखोबानं बाहेर उभं राहून देव मिळवला हे खरंच. त्यामुळे त्याला बाहेर ठेवणं गोड होत नाही. देवाशी खासगी नातं जुळलं की देवळाच्या दाराचं आपल्याला काय, असं म्हणायला मी मोकळी आहे, कारण मला दार बंद नव्हतं.

म्हणून दुपारी आम्ही तनपुरे महाराजांच्या मठात गेलो. पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ ला इथं उपोषण सुरू केलं आणि ते दहा दिवस चाललं. त्याआधी ते महिनोन् महिने गावोगाव फिरून बोलले होते. देऊळ उघडलं. चोखोबानंतर सहाशे नऊ वर्षांनी! गुरुजींना स्वतःसाठी त्या देवळात जाण्याची अडचण नव्हती. देव आपला वाटला की तो दुसऱ्याला नाकारला जाताना बघवत नाही, असं काहीतरी त्या माणसाच्या आत घडलं असलं पाहिजे. मला जे शोधायचं होतं त्याचा हा भाग मी घरून निघताना धरलाच नव्हता. नंतर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्कही संपले आणि त्या वर्षी पुजारी म्हणून स्त्रियांना आणि सर्व जातींच्या लोकांना संधी खुली झाली.

पंढरपुरात आणखी एक जागा या विषयाची आहे. मुंबईत १८६७ मध्ये प्रार्थना समाज सुरू झाला. मूर्तिपूजा, कर्मकांड बाजूला ठेवून एका ईश्वराची प्रार्थना करणारी ही मंडळी, पण प्रार्थनेसाठी शब्द घेतले ते वारकरी संतांचे. याच समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी पंढरपुरात न्यायाधीश असताना १८७५ मध्ये अनाथ बालकांसाठी आश्रम काढला. पुनर्विवाहाची वाट बंद असलेल्या विधवा तीर्थाच्या गावी येऊन बाळंत होत आणि मूल टाकून जावं लागे, तो काळ. मूर्ती न मानणाऱ्यांनी मूर्तीच्या गावात टाकलेली लेकरं उचलली. देव कसा आहे यावर वाद घालणाऱ्यांपेक्षा मला ही माणसं देवाच्या जास्त जवळची वाटतात.

रात्री खोलीवर दिवा मालवल्यावर मला झोप येत नव्हती. आत्या पलीकडच्या पलंगावर बसून कुणाशी तरी हळू बोलत होती. मला वाटलं फोन. नीट ऐकलं तर, "दमलास का रे? आज फार चालवलं तुला. ती बोरं गोड होती ना? उद्या होडीत बसायचंय, घाबरू नकोस." उशाशी डबी उघडी होती.

जिला मी नेमधर्माची, पोथीतली म्हणत आले, ती रोज रात्री हेच करत असणार. मी दरवाजे बंद करून ज्याच्याशी बोलत होते, तिनं त्याला नेमांच्या आत बसवून बोलणं चालू ठेवलं होतं. नेम पाळणारे सगळे घाबरूनच पाळतात असं मी धरून चालले होते. तसं नाही.

रविवार : विष्णुपद आणि गोपाळपूर

सकाळी चंद्रभागेत पाणी बरं होतं. होडीनं विष्णुपदाला गेलो. धुकं उतरत होतं, वाळवंटात कुणी स्नान करत होतं, कुणी नुसतंच बसलं होतं. होडीचा दर बसण्याआधी ठरवून घ्या. मार्गशीर्षात देव मंदिर सोडून विष्णुपदाला राहायला येतो अशी श्रद्धा आहे, त्यामुळे तेव्हा इथं गर्दी असते. आत्यानं ओटीत डबी घट्ट धरली होती.

तिथून गोपाळपूर. आषाढी वारीचा काला इथं होतो, पौर्णिमेला, आणि तो झाला की वारकरी घरी परततात. गोपाळकृष्णाच्या देवळात जनाबाईचं म्हणून एक जातं दाखवतात. बायका येऊन खुंटा धरतात, एखादा फेरा ओढतात. एका आजींनी ओवी सुरू केली, दुसऱ्या दोघींनी धरली.

गंगाखेडची जनी नामदेवाच्या घरची दासी. "दळिता कांडिता तुज गाईन अनंता" हे सगळ्यांना पाठ असतं. पण तीच जनी रागावली की "अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या" अशीही सुरुवात करते, आणि पुढच्या शिव्या तर मी इथं लिहीत नाही. मला जनाबाईचा हा अभंग तिच्या सगळ्या गोड अभंगांपेक्षा मोलाचा वाटतो. ज्याची भीती वाटते त्याला कुणी शिव्या देत नाही. आणि ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्यावर कुणी इतकं चिडत नाही. दासीला घरात कुणावर आवाज चढवता येत नव्हता, तो तिनं देवावर चढवला, आणि वारकऱ्यांनी तो अभंग लाजून दडवून ठेवला नाही, जपला.

दुपारी जेवायला झुणका, भाकरी, शेंगाची चटणी. चटणी विकत घ्यायची असेल तर कुटलेली मागा, तेल सुटलेलं दिसतं.

सोमवार : मंगळवेढा

पंढरपूरहून पंचवीसेक किलोमीटर. रस्ता सरळ काळ्या रानातून जातो आणि जानेवारीत दोन्हीकडे ज्वारी असते, माणसाहून उंच, कणसं पिठूळ झालेली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात, आणि पुढे पाऊस नसला तरी काळ्या मातीत खोल धरून ठेवलेल्या ओलीवर ही मालदांडी वाढते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

गावात आधी दामाजीपंतांच्या देवळात गेलो. दुष्काळात बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारं त्यांनी लोकांसाठी उघडली. पुढची कथा अशी की त्या धान्याची किंमत भरायला दरबारात गेला तो खुद्द विठोबा, आणि गेला तो विठू महार होऊन. ज्यांना देवळात घेत नव्हते त्यांचंच रूप लोकांनी आपल्या देवाला दिलं. लोकांच्या मनात देव कुठे उभा आहे ते त्या गोष्टीला बरोबर ठाऊक होतं.

हे गाव बाराव्या शतकात कलचुरी घराण्यातल्या बिज्जल राजाची राजधानी होतं आणि बसवेश्वर इथं त्याच्या पदरी होते. त्यांनी प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग, म्हणजे लहानसं शिवलिंग, दिलं. देऊळ नको, पुजारी नको, देव अंगावर, स्त्री असो वा पुरुष, कुठल्याही कामाचा माणूस असो. चोखोबाच्या दीडेकशे वर्षं आधी हे घडून गेलं होतं. आत्यानं ऐकून घेतलं आणि हाताशी असलेल्या पिशवीवर, डबी होती तिथं, नुसता हात ठेवला.

चोखोबाच्या स्मारकापाशी आम्ही बराच वेळ बसलो. मी आत्याला सोयराबाईचा अभंग वाचून दाखवला. सोयराबाई म्हणजे चोखोबाची बायको. "देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध." पुढे ती विचारते की विटाळावाचून कुठला देह जगात जन्माला आला? हे चौदाव्या शतकातली बाई विचारते आहे. जातीचा विटाळ आणि बाईच्या देहाचा विटाळ, दोन्ही सोसलेली. माझ्या लहानपणी आमच्या घरी महिन्याचे चार दिवस देवघराचा उंबरा ओलांडायचा नव्हता, आणि ते बघणारी आत्याच होती. मी ते बोलले नाही.

आत्या थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "माझ्या सासरी त्या दिवसांत बाळकृष्णाला जाऊबाई न्हाऊ घालायच्या. मी मागच्या खिडकीशी उभी राहायचे. त्याला म्हणायचे, चारच दिवस रे, थांब."

"मग त्यानं काय केलं?"

"काय करणार? थांबायचा."

संध्याकाळी एका ओळखीच्या शेतात हुरडा होता. आगटीत शेणी पेटवून कणसं भाजली जात होती, गरम कणीस हातावर चोळून दाणे पुढ्यात टाकत होते. गूळ, शेंगाची चटणी, दही. हुरड्याला जायचं तर डिसेंबर-जानेवारी धरा. आणि वर्षाची ज्वारी इथूनच घ्यायची असेल तर मार्चमध्ये मळणी झाल्यावर या. आत्यानं पहिले चार दाणे डबीपुढे ठेवले. मग मला म्हणाली, "तू बोलतेस का गं त्याच्याशी? निरांजन लावत नाहीस, ते जाऊ दे. बोलतेस का?"

"बोलते."

"काय?"

मी सांगितलं. बाबांना एवढं का भोगायला लावलंस, हेच विचारते म्हटलं. आत्या तिच्या भावासाठी माझ्याइतकीच रडली होती. तिनं मला प्रारब्ध सांगितलं नाही, गेल्या जन्मीचं काही सांगितलं नाही. "मीही विचारते," म्हणाली, "अजून सांगत नाही." आणि माझ्या हातात गरम दाणे दिले.

परत आल्यापासून मी देवघर पुन्हा मांडलेलं नाही, आणि मांडेन की नाही ते ठाऊक नाही. हिशेब ठेवणारा देव मात्र माझ्यापुरता संपला. सकाळी भाकऱ्या थापताना मी आता मोठ्यानं बोलते, अरे-तुरे करत. बाबांचा प्रश्न अजून तसाच आहे. तो मी पोथीला, ज्योतिषाला किंवा दारी येणाऱ्या कुणाला विचारत नाही. त्यालाच विचारते, आणि त्यानं सांगितलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.